आधी बोंजूर, मग बाकीचं

मंगळवार

आज आईंना घेऊन क्र्वा-रूसच्या बाजारात गेले. सोमवार सोडला तर हा बाजार रोज भरतो, पण मंगळवारी जरा ऐसपैस असतो. सासूबाई फ्रान्समध्ये, लिऑनला आमच्याकडे आल्यापासून इथल्या भाज्यांचे भाव ऐकून रोज एकदा तरी कपाळाला हात लावतात, पण बाजार चुकवायचा नाही. फ्रेंचचे त्यांच्याकडे चारच शब्द आहेत, बोंजूर (नमस्कार), मेर्सी (आभार), मादाम (बाई) आणि मस्यू (साहेब). तेवढ्यावर त्यांचं उत्तम चाललंय.

भाजीवाल्यापाशी रांग होती. आमच्या पुढे एक पाहुण्या बाई होत्या, पाठीवर पिशवी, हातात नकाशा. त्यांनी टोमॅटोकडे बोट दाखवून इंग्रजीत थेट भाव विचारला. भाजीवाला हसला, सावकाश "बोंजूर, मादाम" म्हणाला आणि गप्प उभा राहिला. भाव सांगेना. बाईंनी परत भाव विचारला, त्याने परत बोंजूर म्हटलं. मागच्या आजोबांनी घसा खाकरला. शेवटी बाईंच्या लक्षात आलं, त्यांनी बोंजूर म्हटलं आणि लगेच भाव कळला, वर चवीला एक टोमॅटोची फोडही मिळाली.

त्यानंतर आई पुढे सरसावल्या. "बोंजूर मस्यू!" सांगलीच्या मंडईत घुमावा असा आवाज. फ्लॉवर मिळाला, कोथिंबिरीची जुडी फुकट. परतताना म्हणाल्या, "अगं, आपल्याकडे बांधावरून जाताना समोरच्याला रामराम घालतात ना, तसंच हे. ओळख असो-नसो, घालायचा."

मला पटलं. पण थोडा फरक आहे. आपल्याकडे दुकानात आपण "काका, अर्धा किलो रवा द्या" म्हणतो, एसटीत "मास्तर, एक मिरज". नमस्कार नसतो, पण काका आणि मास्तर त्याचं काम करून टाकतात. इथे असं नातं जोडायची सोय नाही. म्हणून बोंजूर. ते म्हटलं नाही तर आपण माणसाशी बोलत नसून यंत्रात नाणं टाकतोय असा अर्थ होतो, आणि समोरच्यालाही तसं वाटतं. दुकान त्याचं, उंबरा त्याचा, आपण आत आलोय. नीसमधल्या एका कॅफेने 2013 मध्ये याचा दरफलकच लावला होता. नुसतं "एक कॉफी" म्हटलं तर 7 युरो, "एक कॉफी, सी व्हू प्ले" (म्हणजे कृपया) म्हटलं तर 4.25, आणि "बोंजूर, एक कॉफी, सी व्हू प्ले" म्हटलं तर 1.40. गंमतच होती ती, पण फोटो जगभर फिरला.

गुरुवार

बोंजूर कुठे म्हणायचं नाही, हे आईंना समजावण्यात सकाळ गेली. बसमध्ये चढताना ड्रायव्हरला म्हणायचं. मेट्रोच्या डब्यात शिरून सगळ्यांना उद्देशून म्हणायचं नाही (काल म्हणाल्या; एका मुलाने कानातले इअरफोन काढून आजूबाजूला पाहिलं). डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये मात्र म्हणायचं. दार उघडून "बोंजूर", आत बसलेले सगळे पुटपुटतात आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घालतात. रस्त्यावर अनोळख्याला नाही. पण डोंगरावर चालायला गेलं की पायवाटेवर भेटेल त्याला हवंच, धाप लागली असली तरी. "म्हणजे गर्दीत नाही आणि एकांतात हो," आईंनी दोन सेकंदात सूत्र काढलं.

ऑफिसात याची वेगळी तऱ्हा. सकाळी आल्यावर खोलीतल्या प्रत्येकाला बोंजूर किंवा साल्यू. साल्यू बरोबरीच्यांना, मित्रांना. येताना आणि जातानाही चालतं. डायरेक्टरला साल्यू म्हणायचं की नाही हे डायरेक्टर ठरवतो. कुकू हे लाडाचं, मेसेजमध्ये फार; माझी एक सहकारी पन्नाशीची आहे, ती रोज दारातून कुकू करत येते आणि मला ते आवडतं. पण खरी मेख दुपारी असते. त्याच माणसाला दुसऱ्यांदा बोंजूर म्हटलं तर सकाळची भेट आपण विसरलो असा अर्थ निघतो. म्हणून कॉफी मशीनपाशी "रबोंजूर", म्हणजे पुन्हा बोंजूर, म्हणायचं किंवा नुसतं हसायचं. किती बारकाईने हिशेब ठेवतात ही माणसं!

"सा व्हा?" म्हणजे बरं आहे ना, असं विचारलं की "सा व्हा" हेच उत्तर. सूर बदलतो, शब्द तोच. गुडघा दुखतोय वगैरे सांगायचं नसतं. वयस्कर किंवा अनोळखी माणसाला "कोमाँ तालेव्हू?" म्हणजे कसे आहात, असं विचारायचं, आणि तिथेही गुडघ्याला जागा नाही. आईंना हे अजिबात मंजूर नाही. "मग विचारायचं कशाला?" त्यांचा गुडघा खरंच दुखतोय.

गालाला गाल लावण्याचं, म्हणजे बीझचं, मी थोडक्यात उरकलं. लिऑनमध्ये दोन, मोंपेलिएला तीन. 2020 च्या साथीत बंद पडलं ते ऑफिसात पूर्वीइतकं परत आलं नाही. आईंनी सुस्कारा सोडला.

शनिवार

वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका चहाला आल्या होत्या. आम्ही एवढी वर्षं शेजारी, एकमेकींच्या घरांच्या किल्ल्या एकमेकींकडे, तरी त्या मला व्हू म्हणतात, मी त्यांना व्हू म्हणते. व्हू म्हणजे आपलं तुम्ही, त्यु म्हणजे तू. त्यात दुरावा काही नाही. किंबहुना त्यांनी आता "ओं स त्युत्वा?" म्हणजे तू-तू करूया का, असं विचारलं तर मला थोडं ओशाळल्यासारखं होईल. आणि विचारायचं तर त्यांनीच, त्या मोठ्या.

आई मला "अगं, साखर जास्त घातलीस" म्हणाल्या. मी "आई, तुम्ही घ्या ना आधी" म्हटलं. मादामना मराठीचा गंध नाही, पण शाळेत आयुष्य गेलेल्या बाई. त्यांनी विचारलं, तुम्ही एकमेकींना त्यु म्हणता की व्हू?

मी म्हटलं, त्या मला त्यु, मी त्यांना व्हू.

त्यांनी कप खाली ठेवला. दोन मोठ्या बायकांत एकीकडून त्यु आणि दुसरीकडून व्हू? त्यांच्या मते असं मूल आणि मोठं माणूस यांच्यात चालतं. त्या स्वतः आपल्या सासूला शेवटपर्यंत व्हू म्हणत होत्या, आणि सासूही त्यांना व्हू. दोघी बरोबरीच्या. माजी राष्ट्राध्यक्ष जाक शिराक आणि त्यांच्या पत्नी बेर्नादेत हे नवरा-बायको असून एकमेकांना व्हू म्हणत, हेही त्यांनी ऐकवलं. जुन्या खानदानी घरांतला रिवाज तो, सगळीकडे नव्हे.

मी बराच वेळ तेच घोळवत बसले. इथल्या सगळ्या नमस्कार-चमत्कारांत हा एक धागा आहे, जेवढं देशील तेवढं परत. बोंजूरला बोंजूर, व्हूला व्हू, त्युला त्यु. मोठ्या माणसांत तोल एका बाजूला गेला की अपमान. पोलिसाने रस्त्यावर एखाद्या तरुणाला त्यु म्हटलं की त्यावरून इथे भांडणं आणि लेख होतात. आपल्याकडे तोल एका बाजूला झुकलेला असणं यातच आदर आणि माया दोन्ही असतात. आईंनी मला उद्या तुम्ही म्हणायला सुरुवात केली तर माझं काय चुकलं म्हणून मी नवऱ्याला फोन करीन. कामवाल्या मावशींना तू म्हणणारी घरं आठवली, तेव्हा मात्र मादामच्या बाजूला थोडी सरकले.

2018 च्या 18 जूनला मोंत-व्हालेरियांच्या स्मारकापाशी एका शाळकरी मुलाने राष्ट्राध्यक्ष मॅक्राँना "सा व्हा, मान्यू?" विचारलं होतं (मान्यू हे त्यांच्या इमॅन्युएल नावाचं घरगुती रूप), तेही आठवलं. मॅक्राँनी त्याला जागेवर थांबवून सुनावलं की मला मस्यू म्हण, नाहीतर राष्ट्राध्यक्ष महोदय म्हण. सुनावताना स्वतः त्याला त्युच म्हणाले. मुलगा लहान होता म्हणून खपलं. मादामना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, मी वर्गात असते तर मुलाला आधी व्हू म्हणून मग झापलं असतं. त्याने जास्त लागतं.

रविवार

घड्याळं तासभर मागे गेली. सहाच्या सुमारालाच अंधार. बोंजूर कधी संपतं आणि बोंस्वार कधी लागतं, याचं उत्तर उन्हाळ्यात सहा-सातच्या पुढे आणि हिवाळ्यात दिवे लागले की. बेकरीवाली आधी काय म्हणते ते ऐकून तेच म्हणावं, सोपं पडतं. निघताना मात्र बॉन झुर्ने किंवा बॉन स्वारे, म्हणजे दिवस किंवा संध्याकाळ छान जावो. भेटताना ते म्हणत नाहीत. बॉन न्वी, म्हणजे शुभ रात्री, फक्त झोपायला जाणाऱ्याला. आई बेकरीत संध्याकाळी पाव घेऊन "बॉन न्वी" म्हणाल्या तेव्हा ती पोरगी खुदकन हसली आणि आईंनाही बॉन न्वी म्हणाली. पाव गरम होता.

रात्री बसून इमारत सांभाळणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं, तळघरात पाणी गळतंय म्हणून. कागदावरच्या पत्रात बोंजूर नसतं. वर "मादाम, मस्यू," आणि खाली ती लांबलचक ओळ, तिचा मतलब असा की महोदया, महोदय, माझ्या विशेष आदरपूर्वक अभिवादनाचा स्वीकार करावा ही विनंती. ईमेलमध्ये आता "बोंजूर मादाम" चालतं आणि खाली "कोर्दियालमाँ", म्हणजे सस्नेह. आईंना वाचून दाखवलं.

"तक्रार आहे ना? मग एवढा आदर कशाला?"

मी म्हटलं, आदर आहेच म्हणून घासाघीस करता येते. राग आला की आदर याच ओळीत कमी करत जायचा. पहिल्या पत्राला पूर्ण ओळ. दुसऱ्यांदा "ब्यँ कोर्दियालमाँ", यातलं ब्यँ जरा ऊब वाढवतं. तिसऱ्यांदा "ब्यँ" काढायचं. नुसतं कोर्दियालमाँ आलं की इथला माणूस खुर्चीत सरळ बसतो.

"आणि चौथ्यांदा?"

चौथ्यांदा वकील. उद्या पोस्टात जाऊन रजिस्टर करते. खिडकीपाशी बोंजूर मी म्हणू की तुम्ही, हे विचारलं तर आई म्हणाल्या, "मी. तू पैसे दे."