शांत वर्गाचा मी लावलेला चुकीचा अर्थ

आरोग्य व शारीरिक शिक्षणाच्या तासाची शेवटची पाच मिनिटे माइंडफुलनेससाठी, म्हणजे सजगतेच्या सरावासाठी, राखून ठेवायची असे मी त्या सत्रात ठरवले होते. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केलेल्या सजगतेच्या आठ आठवड्यांच्या उपक्रमाविषयी मी वाचले होते, आणि श्वास तर प्रत्येकाजवळ असतोच, तेव्हा सुरुवात त्यापासून करण्यात मला काही वावगे दिसले नाही. तीन आठवडे मुले डोळे मिटून निमूट पडून राहिली. वर्ग शांत आहे म्हणजे सराव साधला, असे मी मानून चाललो होतो.

चौथ्या आठवड्यात धावण्याच्या फेऱ्या झाल्यावर आम्ही पंधरा सेकंदांचे ठोके मोजून, त्यांना चाराने गुणून नाडीची नोंद केली आणि नेहमीप्रमाणे पाठीवर पडलो. मिनिटभरातच एक मुलगा ताडकन उठून बसला. चेहरा पांढराफटक, हात छातीवर. त्याला दमा असल्याचे मला ठाऊक होते, म्हणून मी आधी इनहेलरची चौकशी केली. तो म्हणाला, "सर, दम नाही लागला. पण श्वासाकडे बघायला लागलो की आता अडकणार असंच वाटतं." आधीचे तीन आठवडे तो शिट्टी कधी वाजते याची वाट पाहत पडून राहिला होता, हेही तेव्हाच कळले. ज्याला लहानपणापासून श्वासावर पहारा ठेवावा लागला, त्याला मी पुन्हा त्याच पहाऱ्यावर बसवत होतो.

पुढच्या तासाला मी पर्याय दिले: डोळे उघडे ठेवले तरी चालतील, आणि श्वास नको असेल त्याने तळव्यांकडे लक्ष देत सावकाश चालावे, आधी टाच, मग तळव्याची बाहेरची कड, शेवटी बोटे. हे कुणासाठी खास आहे असे मात्र जाणवू दिले नाही. अर्धा वर्ग चालायला उठला. (इतकी मुले डोळे मिटायला नाखूश असतील अशी मला कल्पना नव्हती.) दोन फेऱ्या झाल्यावर तोच मुलगा येऊन म्हणाला, "सर, डाव्या पायाचा अंगठा नीट टेकतच नाही." पाहिले तर बूट पुढून आखूड झाला होता. त्याच्या धावण्यातला तो तिरकेपणा मी कित्येक महिने केवळ सवय म्हणून सोडून दिला होता.