अनंत सहा मीटरवर

"काय त्रास होतोय, आजी?"

"अरुंधती दिसना नाय गे बाय."

मी केसपेपरवर लिहून टाकलं, 'जवळची माणसं ओळखता येत नाहीत. नात.' मोतीबिंदूची माणसं असंच काहीतरी सांगत येतात. कुणाला सुईत दोरा ओवता येत नाही, कुणाला बसची पाटी दिसत नाही, कुणाला समोरच्या गाडीचा दिवा फुटून चांदणीसारखा दिसतो. नात दिसत नाही हेही त्यातलंच असेल असं मला वाटलं. सून मागे उभी होती, तिला हसू आवरेना. "अहो, नात नव्हे. आकाशातली. सप्तर्षींतली."

तेवीस वर्षं मी डोळे तपासते आहे. राहते बांद्याला आणि काम करते म्हापशातल्या एका छोट्या डोळ्यांच्या दवाखान्यात. रोज पत्रादेवीची हद्द ओलांडून पेडणे, धारगळ, कोलवाळचा पूल असं येते. तारा दिसत नाही म्हणून दवाखान्यात आलेला पेशंट मला तोवर भेटला नव्हता.

आजी पेडण्यातल्या एका वाडीवरच्या. मोकळं व्हायला त्यांना जरा वेळ लागला. त्यांचे यजमान भिक्षुकी करायचे. पहाटे साडेचारला उठायचं, चूल पेटवायची, पाणी भरायचं आणि मार्गशीर्षापासून उत्तरेला वर आलेल्या सप्तर्षींकडे बघून हात जोडायचे, हा सत्तर वर्षांचा नेम. यंदा वसिष्ठ धूसर झाला आणि अरुंधती तर नाहीशीच झाली. पुढचं त्या कुजबुजत बोलल्या, सुनेला ऐकू जाऊ नये म्हणून. एक जुनं सुभाषित आहे. विझलेल्या वातीचा वास, मित्राचा शब्द आणि अरुंधती, आयुष्य सरत आलेल्या माणसाला या तीन गोष्टी कळेनाशा होतात. लोकांनी त्याला सहा महिन्यांची मुदतही जोडून ठेवली आहे. आजींनी बोटांवर मोजून हिशेब सांगितला. "वास येता. आयकाक येता. म्हणजे दोन आसत, एक गेली."

मी त्यांना तक्त्यासमोर बसवलं. उजवा डोळा 6/36, डावा 6/18. म्हणजे चांगल्या डोळ्याला जे अक्षर छत्तीस मीटरवरून वाचता यावं, ते आजींच्या उजव्या डोळ्याला सहा मीटरवर आल्यावर कळत होतं. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रातून, डोळ्यातलं भिंग गुळाच्या पाकासारखं तांबूस दिसत होतं. घाबरायचं कारण नव्हतं. "तिसरीही आहे, आजी. मध्ये फक्त पडदा आलाय," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण उधारी लगेच फेडतो म्हणणाऱ्याकडे पाहतो.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन फेब्रुवारीत झालं. त्याआधी डोळ्याची लांबी मीच मोजली होती, 23 मिलिमीटरला थोडी कमी. त्या मापावरून आत बसवायच्या नव्या भिंगाचा नंबर ठरतो. हे भिंग सहा मिलिमीटर रुंदीचं असतं आणि घडी घालून तीन मिलिमीटरपेक्षाही लहान छेदातून आत सरकवतात. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर आजी म्हणाल्या की दवाखान्याची भिंत पांढरी आहे हे आपल्याला माहीतच नव्हतं. हे बहुतेक सगळेच म्हणतात. पिवळ्या पडलेल्या भिंगातून वर्षानुवर्षं पाहिल्यावर निळा आणि पांढरा हे रंग परत मिळाल्यासारखे वाटतात. महिन्याने नंबर काढला. चष्म्याशिवाय 6/9, उणे अर्ध्याने 6/6. वयाच्या ऐंशीनंतर 6/6 म्हणजे आमच्याकडे पेढे वाटायचा निकाल.

आजी पेढे घेऊन आल्या नाहीत. सून आली, चष्मा डबीत घालून. म्हणाली, "बाकी सगळं दिसतं. पोथी वाचतात, तांदळातले खडे काढतात. पण ती काय दिसत नाही. जेवण कमी केलंय त्यांनी."

त्या दिवशी मी थोडी चिडलेच. तक्ता वाचला म्हणजे डोळा बरा, असं आमचं शास्त्र सांगतं. मग मी जेवणाच्या सुट्टीत कागद घेऊन बसले. वसिष्ठ आणि अरुंधती यांच्यातलं अंतर सुमारे 12 कला, म्हणजे एका अंशाचा पाचवा भाग. 6/6 ओळीतलं आख्खं अक्षर 5 कलांचं असतं. म्हणजे शेवटची ओळ वाचणाऱ्याला हे दोन तारे वेगळे दिसायलाच हवेत. नजरेच्या तीक्ष्णतेचा प्रश्न नव्हता. अडचण उजेडाची असणार. अरुंधती वसिष्ठापेक्षा साधारण सहापट फिकी आहे.

आणि तेव्हाच दुसरी एक गोष्ट मनात आली, जी शिकताना वाचली होती आणि नंतर कधी उपयोगाला आली नव्हती. आमच्या धंद्यात अनंत सहा मीटरवर सुरू होतं. सहा मीटरवरून येणारे किरण समांतर मानायचे, की झालं. आमच्या दवाखान्याची खोली तर तीनच मीटर लांब आहे, त्यामुळे आमचं अनंत आरशातून येतं. पण ते किरण अगदी समांतर नसतात. एक भागिले सहा, म्हणजे चष्म्याच्या नंबरात 0.17 डायॉप्टरचा फरक राहतो. तक्त्यावर अचूक बसवलेला चष्मा ताऱ्यांसाठी तेवढ्याने कमी पडतो. दिवसा, रस्त्यावर, बाजारात कुणाला तो कळत नाही. तारा हा ठिपका असतो, त्याला लपायला जागा नसते.

चैत्र संपत आला होता, अमावस्या दोन दिवसांवर होती. मी ट्रायल बॉक्समधून, म्हणजे नंबर तपासायच्या भिंगांच्या पेटीतून, उणे पाव (0.25) नंबरचं एक भिंग काढून गॉजमध्ये गुंडाळलं, नवऱ्याला गाडी घेऊन बोलावलं आणि घरी जाताना आजींच्या वाडीकडे वळलो. रात्रीचे नऊ वाजले असतील.

खळ्यात पाय ठेवला आणि अर्धं उत्तर तिथेच मिळालं. घरासमोर उत्तरेला नवा खांब, त्यावर एलईडीचा पांढरा दिवा, त्याचा झोत थेट तुळशीवर. खांब दिवाळीआधी उभा राहिला होता आणि वाडीतले लोक त्यावर खूश होते. सापकिरडू दिसतं, ते खोटं नाही. पण तो उजेड डोळ्यांत घेऊन आकाशात अरुंधती शोधणं म्हणजे लाऊडस्पीकरखाली उभं राहून मुंगीची चाल ऐकणं.

गोठ्याशेजारी गवताची उडवी होती. तिच्या आडोशाला खुर्च्या टाकल्या. तिथून खांबाचा दिवा झाकला जायचा आणि वरचं उत्तरेचं आभाळ मोकळं राहायचं. डोळ्याला अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं तरी लागतात, म्हातारपणी जास्तच. तेवढा वेळ आम्ही गप्पा मारत बसलो. नवऱ्याने दोनदा मोबाईल काढला. दुसऱ्यांदा आजी म्हणाल्या, "तो पालथो घाल बघू."

माझ्या लग्नात अरुंधतीदर्शन झालं होतं ते दुपारी दीड वाजता, हॉलमध्ये. भटजींनी वर बोट दाखवलं, तिथे पंखा फिरत होता. दिसली का विचारल्यावर आम्ही दोघंही हो म्हणालो. आजींना हे सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की सून धावत बाहेर आली.

मग माडांच्या शेंड्यांवर सप्तर्षी हळूहळू भरत गेले. चौकोन, त्याच्या उजवीकडे निघालेली तीन ताऱ्यांची शेपटी, त्यातला मधला वसिष्ठ. मी माझ्या उणे तीनच्या चष्म्यातून वसिष्ठाकडे डोळे रोखून पाहत राहिले. एकच तारा. इतरांचे डोळे तपासायला आलेली बाई स्वतः नापास.

"तिच्याकडे बघू नको. कडेन बघ," आजी म्हणाल्या.

बुबुळाच्या बरोब्बर समोर, डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याच्या मधोमध, मंद उजेड पकडणाऱ्या पेशी नसतात. त्या कडेला असतात. हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले आहेत. आजींना त्यांच्या सासूने सांगितलं होतं. मी नजर तसूभर डावीकडे नेली आणि वसिष्ठाला चिकटून एक बारीक ठिपका उमटला. सरळ पाहिलं की जायचा, नजर वळवली की यायचा. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा.

आजींची पाळी. डाव्या डोळ्यावर तळवा, उजव्यावर नवा चष्मा, आणि त्याच्यापुढे मी धरलेलं पावाचं भिंग. रोज पन्नासदा विचारते तेच विचारलं. "असं बरं, की असं?"

"पयला काढ. परत घाल."

काढलं. घातलं.

"थांब." बराच वेळ काहीच नाही. गोठ्यात म्हैस उठून उभी राहिली, तिच्या गळ्यातली घंटा वाजली. "आसा."

तपासणाऱ्याने लगेच विश्वास ठेवायचा नसतो, पेशंट अंदाजाने सांगतात. म्हणून विचारलं, "कुठल्या बाजूला?" आजींनी बोट उचललं. उजवीकडे, खाली. बरोबर होतं. त्यांचा हात तसाच वर राहिला, मग दुसरा वर गेला आणि दोन्ही जोडले गेले. माझ्या हातातलं भिंग थरथरत होतं. मी ते दोन्ही हातांनी धरलं.

खरं सांगायचं तर नव्वद टक्के काम त्या उडवीने आणि अंधाराने केलं. पण माझ्या पावाचं श्रेय मी सोडणार नाही.

चहा झाल्यावर नवऱ्याला मोबाईल काढायची परवानगी मिळाली. त्याने वाचून दाखवलं. दुर्बिणीतून वसिष्ठ एकटा नाही, त्याचे दोन होतात, त्या दोघांतही प्रत्येकी दोन. 2009 मध्ये अरुंधतीलाही जोडीदार सापडला. एकूण सहा. अंतर साधारण 82 प्रकाशवर्षं. म्हणजे आज दिसलेला उजेड 82 वर्षांपूर्वी निघालेला. आजींच्या आधार कार्डावर जन्मतारीख 1 जानेवारी 1943 आहे, म्हणजे खरी कुणालाच ठाऊक नाही, पण साल साधारण तेच.

मी हिशेब सांगितला. मलाच तो सांगताना कसंतरी झालं. मी ज्याची लांबी दशांश मिलिमीटरपर्यंत मोजली होती त्या डोळ्यात, मी नंबर काढलेल्या भिंगातून, तो उजेड नुकताच येऊन संपला होता. गोव्यात पोर्तुगीज होते तेव्हा तो वाटेत होता, ते गेले तेव्हाही वाटेतच होता.

आजींनी ऐकून घेतलं. "म्हणजे माझ्या बारशाक निघाल्ली." मग खांबाकडे मान वळवली. "इतक्या लांबसून इली आणि तुमी तिच्या तोंडार दिवो मारतास."

पुतण्याने दुसऱ्याच आठवड्यात दिव्याला वरून झाकण घालावं म्हणून अर्ज दिला. खांब अजून तसाच आहे, उडवी मात्र यंदा जनावरांना घालायची नाही असं घरात ठरलं आहे. मी नंबरात पाव वाढवून दुसरा चष्मा करून दिला, रात्रीचा म्हणून. केसपेपरवर दृष्टीच्या रकान्यात 6/6 च्या पुढे 'अरुंधती दिसते' असं लिहिलं. डॉक्टरांनी ते पाहून विचारलं, हे कुठल्या तक्त्यावर?

डावा डोळा राहिलाय. मी तारीख विचारली तेव्हा साधारणपणे सगळे सांगतात तसं त्यांनी 'पावसाळा झाल्यावर' म्हटलं नाही. म्हणाल्या, "पावसातच कर. तेव्हा आभाळ खंय असता? मार्गशीर्षापर्यंत बरो व्होवाक होयो."