आंब्यावरचे बांडगूळ

परजीवी वनस्पतींचा पाठ आमच्या विज्ञानाच्या बाई शाळेमागच्या आंब्याखाली घेत. शिपाईमामा कोयतीने बांडगुळासकट आंब्याची फांदी उतरवून देत आणि बाई ती आम्हाला उभी चिरून दाखवत. आंब्याच्या लाकडात रुतलेली गाठ, तिच्यापुढे वाळून गेलेला आंब्याचा शेंडा आणि त्याच गाठीतून फुटलेली बांडगुळाची टवटवीत पाने मी तिथे प्रथम जवळून पाहिली. पुढे वनस्पतिशास्त्राकडे वळलो, त्याचे श्रेय मी निःसंशय बाईंना देतो.

बांडगूळ हिरवे असते आणि आपले अन्न बरेचसे स्वतःच तयार करते. आंब्याकडून ते प्रामुख्याने पाणी आणि क्षार घेते. हे पाणी आपल्याकडे ओढण्यासाठी त्याच्या पानांतून बाष्पोत्सर्जन आंब्याच्या पानांपेक्षा अधिक होत राहते, म्हणून गाठीपलीकडची फांदी हळूहळू सुकते. त्याचा प्रसार करतो तो फुलटोच्या, आपल्याकडील सर्वांत लहान पक्ष्यांपैकी एक. फळातील बी काही मिनिटांतच त्याच्या शरीराबाहेर पडते, पण चिकट गरामुळे सहज सुटत नाही. मग तो फांदीवर अंग घासतो आणि बी नेमके सालीला चिकटते. मातीची वाट न पाहता ते तिथेच रुजते.

चंदनही याच गणातले आहे, हे बाईंनी सांगितले तेव्हा वर्गातील कोणाचा विश्वास बसला नव्हता. चंदन जमिनीखाली शेजारच्या झाडांच्या मुळांना आपली मुळे जोडून पाणी आणि क्षार घेते. या गणात मुळांवरचे परजीवित्व आधी आले आणि फांद्यांवर राहणाऱ्या वनस्पती त्यानंतर, निरनिराळ्या कुळांत पाच वेळा स्वतंत्रपणे, उत्क्रांत झाल्या, असे संशोधकांना आढळले आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील न्यूट्सिया हे तर बांडगुळाच्याच कुळातले असूनही जमिनीत उभे राहते आणि शेजाऱ्यांच्या मुळांवर पोसले जाते.

ऑस्ट्रेलियातच काही वनखंडांतील सगळी बांडगुळे काढून टाकण्याचा प्रयोग झाला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन वर्षांत तेथील पक्ष्यांच्या जाती लक्षणीयरीत्या घटल्या आणि सर्वाधिक फटका जमिनीवरचे कीटक खाणाऱ्यांना बसला. बांडगुळाची पाने गळताना बरीच पोषकद्रव्ये सोबत घेऊन पडतात आणि त्या पाचोळ्यावर कीटक वाढतात, हे त्यामागचे कारण मला बांडगुळाच्या साऱ्या चरित्रात सर्वांत मोलाचे वाटते.

हापूसच्या बागेतले बांडगूळ काढलेच पाहिजे, तेही फळे पिकण्यापूर्वी आणि गाठीच्या बरेच खालून फांदी छाटून. देवराईतील आणि शाळांच्या आवारांतील जुन्या झाडांवर मात्र एखाददुसरे राहू द्यावे, असे माझे आग्रहाचे मत आहे, कारण हळदीकुंकू या देखण्या फुलपाखराच्या अळ्या त्याच्याच पानांवर वाढतात.