सीट अठ्ठेचाळीस

आमच्या मास्तरांच्या दुकानात माप घ्यायची एक पद्धत आहे. मास्तर मशीनवर बसून वही उघडतात, वहिनी पडद्याआड बाईमाणसाचं माप घेतात आणि आकडे ओरडून सांगतात. ब्लाउजचं माप असलं तर ठीक, छत्तीस-अडतीस जे काय असेल ते. मी गेले होते ट्रेकची पँट शिवायला. वहिनींनी टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं घेऊन माझ्याभोवती अर्धी प्रदक्षिणा घातली आणि आवाज दिला, "सीट अठ्ठेचाळीस!" पडद्यापलीकडे विजारी आखूड करून घ्यायला आलेले दोन गडी, एक कॉलेजची मुलगी आणि उसवलेलं दप्तर घेऊन आलेलं एक पोरगं होतं. मास्तरांना मशीनच्या आवाजात ऐकू गेलं नाही. "किती?" वहिनींनी मग शब्द तोडून सांगितलं, "अठ्ठे... चाळीस!" मंगळवार पेठेत त्या दिवशी कुणाला कळायचं राहिलं असेल तर त्यांनी इथे वाचून घ्यावं.

त्या पडद्याआड पोचायला मला दीड महिना लागला होता.

सकाळी साडेपाचला आम्ही पाचजणी रंकाळ्यावर चालतो. माझं वय 49, वजन 86 किलो, आणि पाचजणींत सगळ्यात पुढे मी असते. हे शेवटचं मुद्दाम सांगावं लागतं, कारण आधीचे दोन आकडे ऐकले की पुढचं लोकांना खोटं वाटतं. जोतिबाचा डोंगर मी पायऱ्यांनी चढते. गेल्या वर्षी पाचातल्या एकीनं टूम काढली की आपण जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालू या. सिद्दी जौहरचा वेढा फोडून महाराज 1660 च्या जुलैत ज्या वाटेनं विशाळगडाकडे गेले, ती वाट. दरवर्षी भर पावसात कितीतरी तुकड्या ती चालतात. पन्नासेक किलोमीटर, दोन दिवस, गुडघाभर चिखल. मी सगळ्यांत आधी हात वर केला.

मग सूचनांचा कागद आला. जीन्स नको, सुती कपडे नकोत, लवकर वाळणारी पँट हवी. बरोबरच आहे. सुती कापड पाणी पितं आणि सोडत नाही. भिजल्यावर जड होतं, आणि काचतं.

हे काचणं जरा समजून घ्या. बारीक माणसाला तो शब्द नव्या चपलेपुरता माहीत असतो. पण चालताना ज्यांच्या मांड्या एकमेकींना भेटत राहतात, त्यांना तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरला चाहूल लागते, आठव्याला आग होते आणि बाराव्याला आपण घोड्यावरून उतरल्यासारखे फेंगडे चालायला लागतो. लोकांना वाटतं दमली. दमलेली नसते हो, सोललेली असते. रात्री अंघोळीचं पाणी पडलं की कळतं कुठवर. खोबरेल तेल, टाल्कम पावडर, आतून सायकलवाल्यांची घट्ट शॉर्ट असे सगळे उपाय मी केलेत. पावडरीचा पावसात लगदा होतो, हा माझा अनुभव फुकट घ्या.

तर पँट. राजारामपुरीतल्या एका खेळाच्या सामानाच्या दुकानात गेले. पोरगा चटपटीत होता.

"कुणासाठी, ताई?"

"माझ्यासाठी."

त्यानं मला डोळ्यांनी मापलं. त्याला टेपची गरज पडली नाही. "लेडीजमध्ये एक्सएलपर्यंतच येतंय बघा. जेंट्समध्ये दाखवू?"

जेंट्समधलं मी पूर्वी वापरून पाहिलंय. पुरुष सुटतो तो पोटात, बाई बहुधा खाली. त्यामुळे माझ्या मांडीला बसणारी पुरुषी पँट कमरेला एवढी ढगळ होते की आत घरचा डबा ठेवून वर हात घालता येईल. आणि कमरेला बसणारी वर चढतच नाही. रेनकोटचंही तेच. खांदे कोपराकडे उतरतात, बाह्या बोटांच्या पुढे जातात आणि चेन नेमकी ढुंगणाशी येऊन थांबते.

दुसऱ्या दुकानाचे मालक वयस्क होते, समजावणीच्या सुरात म्हणाले, "एवढ्या साइझला गिऱ्हाईक नाही ओ."

"मी आहे की!"

"तुम्ही एकट्याच की."

यावर काय बोलणार? बायका येत नाहीत म्हणून माल नाही, माल नाही म्हणून बायका येत नाहीत. आणि जी येते तिला सगळे सांगतात, चालायला लागा, बारीक व्हाल. अहो, चालायलाच तर पँट पाहिजे.

आणि हे कुठे, तर कोल्हापुरात! ज्या गावात शाहू महाराजांनी कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधलं, शंभर किलोचा गडी गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर आला की लोक आपणहून सरकून जागा देतात, धारोष्ण दुधाचा मोठा पेला त्याच्या हातात जातो, "पैलवान, तब्येत झकास!" म्हणतात. तेवढंच वजन बाईच्या अंगावर दिसलं की तोच माणूस हळूच विचारतो, "थायरॉइड बघितला का?" बघितलाय. नॉर्मल आहे. माझ्या आईचा बांधा आहे हा.

मग ऑनलाइन. तीन पँटी मागवल्या. पहिलीवर ट्रिपल एक्सएल लिहिलं होतं, ती गुडघ्याच्या वर आली नाही. दुसरी आली सगळीकडून, पण पायांची लांबी अशी की जोतिबाच्या सासनकाठीला शिवल्यासारखी. याचं कारण मला नंतर मास्तरांकडून कळलं. कंपन्या मधल्या मापाचा एक नमुना बेततात, एका बाईच्या अंगावर तो बसवून बघतात आणि मग प्रत्येक साइझला ठरावीक इंच वाढवत जातात. म्हणजे मी जाड होताना त्याच हिशोबानं उंचही झाले असणार, असं त्या कागदाचं म्हणणं. प्रत्यक्षात एकीचं पोट वाढतं, एकीचे दंड, माझ्या मांड्या. बारीक बायका बऱ्याचशा एकसारख्या असतील, आम्ही जाड्या मात्र प्रत्येकजण स्वतंत्र आहोत. तिसरी पँट खरोखर बसली. आनंदानं खिशात हात घातला, तर खिसा नव्हताच, नुसती खिशाची शिवण. तीही परत केली, रागानं. "मावशी, परत?" म्हणणारा तो पार्सलवाला आता मला रस्त्यात ओळख देतो.

आपल्या देशाचा स्वतःचा असा साइझचा तक्ताच नव्हता, ब्रँड आपले इंग्लंड-अमेरिकेच्या मापांवर गुजराण करत होते. म्हणून फॅशनचं शिक्षण देणाऱ्या निफ्ट या सरकारी संस्थेनं 'इंडियासाइझ' नावाचं सर्वेक्षण काढलं. सहा शहरांतल्या 25,000 हून जास्त लोकांची मापं थ्रीडी स्कॅनरनं घ्यायची. मुंबई, दिल्ली, कोलकाता, हैदराबाद, बंगळूर, शिलाँग. कोल्हापूर नाही. घ्या! पांढऱ्या रश्शावर वाढलेल्या अंगांचा नमुना त्यांना शिलाँगला कुठून मिळणार?

सासूबाई पंधरा दिवस हे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "अगं, कापड आण आणि शिवून घे की. शेजारी इचलकरंजी, आणि तुला अंगभर कापड मिळंना होय?" खरंच की. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी तिथं पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून तो खडखडाट थांबलेला नाही. माझं कापड मात्र सुती नको होतं, म्हणून मी कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला गेले. तिथल्या होलसेल बाजारात ट्रॅकसूटच्या कापडाचे तागे छतापर्यंत लागलेले असतात. दुकानदारानं पाच तागे उलगडले. मी प्रत्येक कापड आडवं-उभं ताणून बघितलं आणि पर्समधली पाण्याची बाटली काढून चार थेंब टाकले. चारांत ते शोषले गेले. पाचव्यावर थेंब अळूच्या पानावर बसावा तसा बसला, बोटानं ढकलला तर घरंगळला. दुकानदार म्हणाला, "छत्री शिवणार काय मॅडम?" राखाडी रंगाचं अडीच मीटर घेतलं. काळा घे, बारीक दिसशील, असं सगळ्याजणी म्हणाल्या होत्या. वाटेतल्या मसाई पठारावर धुक्यात मी कुणाला बारीक दिसायचं होतं?

मास्तर पेठेतल्या फुटबॉल संघांचे आणि कबड्डीवाल्यांचे कपडे शिवतात. हलत्या माणसाचे कपडे त्यांना कळतात. आकडे वहीत उतरवून झाल्यावर ते म्हणाले, "आता स्टुलावर पाय ठेवा. ठेवला? आता मागनं परत माप घे गं." वहिनींनी घेतलं आणि तीन इंच जास्त भरलं.

"बघा, हितं मरतंय सगळं," मास्तर म्हणाले. "उभ्या बाईचं माप घेत्यात आणि चढायला लावत्यात. पँट तंग असत्या म्हणून फाटत नाही, आसनाला जागा नसत्या म्हणून फाटत्या." त्यांनी मागची बाजू पुढच्यापेक्षा अडीच इंच उंच बेतली, म्हणजे वाकल्यावर कंबर उघडी पडायला नको. दोन पायांच्या सांध्यात चार शिवणी एकाच बिंदूला येऊन भिडतात आणि पहिली तीच जागा जाते. तिथं त्यांनी शंकरपाळ्याच्या आकाराचा एक तुकडा घातला. शिवण मांडीच्या आतून काढून पुढे सरकवली, मांडीला मांडी घासली तरी मधे शिवण नाही. कमरेला इलॅस्टिक आणि वर नाडी. मी चार खिसे मागितले.

"चार? त्यात ठेवणार काय?"

"तुम्ही काय ठेवता तुमच्यात?"

मास्तरांनी आधी वहिनींकडे बघितलं. "सुट्टे पैसे," ते म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "आणि पुडी." चार खिसे मिळाले.

वरच्या आतल्या कपड्यांचा प्रश्न मास्तरांच्या हातातला नव्हता. स्पोर्ट्स ब्रा माझ्या मापाची गावात सापडली नाही, मी एकावर एक दोन घातल्या. चढावर अर्धाच श्वास येतो, पण बाकी सगळं जागेवर राहतं. रेनकोटाचा नाद सोडून पोंचो घेतला. मधे भोक पाडलेली ताडपत्रीच ती, कुणालाही होते.

पन्हाळ्याहून पहाटे निघालो. मसाई पठारावर चढलो तेव्हा दहा फुटांवरचं दिसत नव्हतं, वारा पाऊस आडवा मारत होता. तांबडा चिखल बूट ओढून घेत होता. मी दोन ओढ्यांत मांडीपर्यंत उतरले, एका निसरड्या उतारावर तर बसूनच खाली आले. उठून पहिल्यांदा मागे हात लावून बघितला. शंकरपाळं शाबूत. पाण्यातून वर आलं की दहा मिनिटांत पँट हलकी व्हायची. दहा किलोमीटर झाले, पंधरा झाले, काचण्याची मी वाट बघत होते आणि ते आलंच नाही.

पठार उतरून वाडीकडे जाताना खाचरांत रोपलावण चालली होती. बांधावरून एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन समोर आली. वर प्लास्टिकची खोळ, खाली काष्टा मारलेलं लुगडं, पाय अनवाणी. वय सत्तरीच्या आसपास असेल. अंगानं माझ्याएवढीच, कदाचित दोन इंच जास्तच. आम्हाला वाट द्यायला थांबली आणि माझ्या पायांकडे बघत राहिली.

"विजार बरी हाय की. इकत घेतलीसा?"

"नाही मावशी, शिवून घेतली. विकत मिळत नाही आमच्या मापाची."

"किती लागलं कापड?"

"अडीच मीटर."

"एवढ्यात भागलं?" ती हसली. "आमाला तर नऊ वार लागतंय बाई."

भारा सावरून ती आमच्याच वाटेनं खाली निघाली. रंकाळ्यावर सगळ्यांच्या पुढे असणारी मी तिच्या मागोमाग पाय उचलायला लागले. वाडीच्या वळणापर्यंत काही ती मला सापडली नाही.