सेन्सर बदलण्याआधी वायर तपासा
गाडीच्या स्कॅनरवर पी०११८ हा दोषाचा कोड आला की लोक सरळ कूलंट टेम्परेचर सेन्सर (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं तापमान मोजणारा) बदलून मोकळे होतात. कोड एवढंच सांगतो, की सिग्नलचा व्होल्टेज फार वर गेलाय. तुटकी वायर किंवा हिरवा गंज चढलेली पिनही तेच करते.

इग्निशन ऑन, इंजिन बंद. दोन वायरींचा कनेक्टर काढा. सिग्नल वायरवर साधारण ५ व्होल्ट हवेत. आता वायरीकडच्या कनेक्टरच्या दोन्ही पिना जंपरने, म्हणजे वायरीच्या छोट्या तुकड्याने, जोडा (पिना ताणू नका, नाहीतर नवाच दोष). कनेक्टर काढल्यावर स्कॅनरवर दिसणारे उणे ४० अंश झटकन १३० किंवा त्याहून वर गेले, तर वायरिंग ठीक, सेन्सर गेला. हललेच नाहीत, तर सिग्नल वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला टेकवा. आता हलले, तर ग्राउंड, म्हणजे निगेटिव्हकडे जाणारी दुसरी वायर, तुटलीय.

एकदम तीन-चार सेन्सरांचे कोड आले, तर सामाईक ५ व्होल्टची लाइन शॉर्ट असू शकते. एकेक कनेक्टर काढत, कोणता काढल्यावर व्होल्टेज परत येतो ते बघा.