आकाशपाळणा 1:24 – डबे अखेर झुलायला लागले

मंडळी, माझ्या आकाशपाळण्याच्या मॉडेलचा सात नंबरचा डबा काल रात्री बोटानं ढकलून सोडला तर सावकाश झुलला आणि झुलत झुलत सरळ येऊन थांबला. वाकडा नाही, अडकलेला नाही, थरथरतही नाही. आधीच्या नोंदी वाचलेल्यांना एवढंच सांगून पुरे आहे, पण मला सगळं लिहायचंय.

नव्यानं आलेल्यांसाठी थोडक्यात: उरसात यायचा तो चाळीस फुटी, बारा डब्यांचा, रिमवरून दोर फिरवून इंजिनावर चालणारा लोखंडी पाळणा. त्याचं मी मॉडेल करतोय. 1:24 मध्ये, म्हणजे 24 पट लहान केला की, तो 20 इंचांचा होतो. सांगाडा, शिड्या, दिव्यांची माळ, तिकिटाची टपरी हे सगळं मागेच झालंय. अडलं होतं ते डब्यांच्या झोक्यावर.

खऱ्या डब्याचा जाऊन-येऊन एक झोका साधारण दोन सेकंदांचा. मॉडेल 24 पट लहान केलं की झोक्याचा वेळ 24 च्या वर्गमुळानं, म्हणजे जवळपास 4.9 पटीनं कमी होतो. दोन सेकंदांचे उरतात 0.4. चाक खऱ्याच्या गतीनं, 12 सेकंदांत एक फेरा असं फिरवलं की डबे नुसते टकटक थरथरतात. रंग, गंज, पत्र्यावरची नक्षी सगळं हुबेहूब असूनही बघणाऱ्याला पहिल्या क्षणी कळतं की हे खेळणं आहे.

इथल्याच एकानं विचारलं होतं की झोक्यावर एवढा जीव का टाकायचा. कारण पाळणा बदलला की सर्वांत आधी जातो तो झोकाच. आमच्याकडं उतरवताना एकेक डबा खाली आणायचे. माणूस डबा हातानं धरायचा, दांडी उघडायची, आणि त्याच वेळी वरच्या टोकाला थांबलेला डबा पुढं-मागं व्हायचा. वर बसलेल्याला खाली कोण उतरतंय ते दिसायचं नाही, पण जड माणूस उतरला की पोर, हे बुडाखालच्या हिसक्यावरून कळायचं. आता मोठ्या चाकांची गोष्टच वेगळी आहे. 2000 साली सुरू झालेल्या लंडन आयच्या 32 कॅप्सूल रिमच्या बाहेर बसवल्यात आणि मोटरनं सरळ ठेवल्या जातात. इंजिनिअरिंग म्हणून मला ते फार आवडतं, पण झोका त्यात औषधालाही नाही. उलट न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडचं वंडर व्हील बघा. 1920 सालचं, अजून चालू, आणि त्याच्या 24 डब्यांपैकी 16 डबे वाकड्या रुळांवरून आत-बाहेर घरंगळतात. त्याचं मॉडेल कधीतरी करायचंच आहे.

फोटोवरून रंग काढता येतो, झोका काढता येत नाही. माझं सगळं काम त्यासाठी आहे.

तर उपाय. गेल्या नोंदीत ठरलं होतं की डब्याचा गुरुत्वमध्य, तो ज्यावर लटकतो त्या खिळीच्या जवळ आणायचा. मध्य जितका जवळ तितका झोका संथ. आपल्या डब्यांना छत्री आहे, तेव्हा वजन लपवायला जागा आयतीच मिळाली. गळाला लावायचं शिसं ठोकून पत्र्यासारखं पातळ केलं आणि छत्रीच्या आतून चिकटवलं. मध्य खिळीच्या खाली दीड मिलिमीटरवर आला की झोका एक सेकंदाचा होतो. गणितात बसलं, टेबलावरही बसलं. मात्र डबा थांबायचा तो वाकडा. कधी डावीकडं सात अंश, कधी उजवीकडं.

या वाकडेपणानंच माझे बरेच आठवडे खाल्ले. कारण साधं आहे: मध्य खिळीजवळ आणला की डब्याला सरळ करणारा जोर कमी होतो, आणि खिळीतलं घर्षण तेवढंच राहतं. घर्षण जिंकतं. तेल घातलं तर दोन दिवस बरं, मग धूळ बसून आणखी वाईट. ग्रॅफाइटची पूड घातली तर रंगावर काळे ओघळ. छोटी बॉल बेअरिंग ऑनलाइन मागवली. आत ग्रीस इतकं घट्ट की डबा जिथं सोडावा तिथंच राहायचा. ती रॉकेलमध्ये धुऊन घेतल्यावर फरक पडला, पण बारा डब्यांना चोवीस बेअरिंग, आणि बाहेरून दिसतातही बटणांसारखी. मूळ पाळण्यात तिथं नुसती सळई आणि कडं. मला ते मान्य नव्हतं.

शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, माझं हब (चाकाचा मधला तुंबा) ज्यांच्या लेथवर झालं त्या मिस्त्रींकडं डबा घेऊन गेलो. त्यांनी डबा डोळ्यासमोर धरला, फिरवला आणि म्हणाले, "खिळी जाड हाय रं. बारीक कर." दोन मिलिमीटरच्या खिळीला बारीक म्हणजे किती? "सुईएवढी. पन ते भोक माझ्याकडं न्हाई पडायचं. गुजरीत जा."

आणि हेच बरोबर होतं. वाकडेपणाचा कोन खिळीच्या जाडीच्या प्रमाणात असतो. दोनची 0.6 केली की सात अंशांचे दोन होतात, आणि दोन अंश 20 इंची चाकावर डोळ्याला दिसत नाहीत. गुजरीत, म्हणजे सराफांच्या पेठेत, एका ओळखीच्या कारागिरांनी पितळी पट्टीवर आधी टोचणीनं खूण केली, मग पिन व्हाइसमध्ये, म्हणजे बोटांनी फिरवायच्या छोट्या मुठीत, केसासारखं ड्रिल धरून, जोर न लावता, नुसत्या बोटांच्या फिरकीवर भोक पाडलं. दर दोन-तीन वळशांनी ड्रिल बाहेर काढून कीस फुंकायचा, मेणाला टेकवायचं, पुन्हा आत. घाई केली की ड्रिल आतच तुटतं आणि पट्टी वाया. पहिली पट्टी त्यांनी पाडली, बाकीच्या मी त्यांच्यासमोर बसून. खिळी म्हणून हातशिवणाची सुई तोडून वापरली. सुईचं पोलाद आणि तिची झिलई याला तोड नाही. बाजारातली तार सरळ म्हणून विकतात आणि ती कधीच सरळ नसते.

बारापैकी नऊ डबे आता नव्या खिळीवर आहेत. नऊच्या नऊ सरळ थांबतात. पत्नीनं स्वयंपाकघरातून येऊन बघितलं आणि काही न बोलता स्वतःच चाकाला हात लावून ढकललं. मला याहून मोठी पावती नको.

दोराचं छोटं यश सांगायचं राहिलं. नायलॉनची दोरी रिमवर घसरत होती. व्हायोलिनच्या गजाला लावतात ती राळ वाद्यांच्या दुकानातून आणून दोरीला घासली, घसरणं बंद. रिमवरून दोर फिरवायची पद्धत जुनी आणि भक्कम आहे. विल्यम सुलिव्हननं 1900 साली अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये सुटा करून नेता येणारा पाळणा उभा केला, त्याच्या कंपनीची चाकंही दोरावरच चालत आली. शिकागोचं 1893 चं मूळ फेरिस व्हील 264 फुटी आणि 36 डब्यांचं, पण ते गावोगाव नेण्यासाठी नव्हतं. 1906 मध्ये सुरुंग लावून पाडलं. आपल्या उरसाच्या पाळण्याचं नातं मी सुलिव्हनशी जोडतो, शिकागोशी नाही.

आता खरी मेख, जी हे लिहायला बसल्यावरच नीट उलगडली. झोका दोनाचा एक सेकंद झाला, तेव्हा चाकही दुप्पट वेगानं फिरवायचं: 6 सेकंदांत फेरा. मोबाइलवर सेकंदाला 60 फ्रेमनं शूट करून 30 नं दाखवलं की सगळं खऱ्या वेळेत येतं. इथपर्यंत छान. पण डब्याला मिळणारा हिसका? वेग दुप्पट म्हणून त्वरण चौपट, त्रिज्या मात्र चोविसावा हिस्सा. म्हणजे खऱ्याच्या एक षष्ठांश. झोक्याचा वेळ जुळला, पण झोका आखूड. काल रात्री डबे सुंदर आणि संथ दिसत होते, पण मोटर सुरू होताना हलत होते जेमतेम. हाताच्या ढकलण्यामुळं ते लक्षात आलं नाही.

यावर आत्ता दोन वाटा दिसतायत. घरातल्या चाकासाठी मोटर कंट्रोलरमध्ये सुरू होतानाचा धक्का जास्त ठेवायचा, जुना ऑपरेटर इंजिनाचा पट्टा एकदम ताणायचा तसा. हे याच आठवड्यात करतो. व्हिडिओसाठी मात्र स्केलच बदलावं असं वाटायला लागलंय. 1:16 घेतलं तर वर्गमूळ बरोबर 4. साधे लटकते डबे, शिसं नको, खिळीची एवढी नजाकत नको, 120 फ्रेमनं शूट करून 30 नं दाखवा: झोक्याचा वेळ आणि लांबी दोन्ही आपोआप खरी येतात. मूकपटांच्या काळातल्या हातानं फिरवायच्या कॅमेऱ्यावरही हँडल जोरात फिरवून चाल मंद करता यायचीच, आणि चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी तर कॅमेराच या गावात घडवला. ही वाट कोल्हापुरात सुचायला इतका उशीर लागायला नको होता.

1:16 म्हणजे 30 इंची चाक, आणि ते माझ्या टेबलावर मावत नाही. तरी पुढचं काम आता तेच, त्यामुळं चार डब्यांचा हातानं ढकलायचा लाकडी पाळणा, जो पुढचा म्हणून जाहीर केला होता, तो मागे टाकतोय. त्याचं सागाचं लाकूड तसंच ठेवतो. तीस इंचीचं हब त्याच मिस्त्रींकडून करून घेणार, सोमवारी उद्यमनगर बंद असतं म्हणून मंगळवारी.

एक मागणं आहे. पट्टा ताणायच्या लिव्हरचा, म्हणजे ऑपरेटर उभा राहायचा त्या बाजूचा, जवळून काढलेला जुना फोटो कोणाच्या घरच्या अल्बममध्ये असला तर दाखवा. माझ्याकडच्या सगळ्या फोटोंत लिव्हरसमोर कोणीतरी आइसफ्रूट खात उभं आहे. लिव्हरचा टेकू खांबावर होता की इंजिनाच्या चौकटीवर, एवढं समजलं तरी मंगळवारी हबसोबत तोही करून घेईन.