पार्सल मुंबईत, युरो शंभरीपार

फेन्सिंगचं, म्हणजे तलवारबाजीचं साहित्य परदेशातून मागवणार असाल तर आधी एक ऐका. टीव्हीवरचा डॉलर बघत बसू नका, बिल कोणत्या चलनात येणार ते बघा. 2025 च्या फेब्रुवारीत मी जर्मनीतल्या एका दुकानाकडून मास्क आणि ब्लेडचं कोटेशन घेतलं, तेव्हा युरो नव्वदीच्या आसपास होता आणि डॉलर 87 च्या घरात. मेअखेरीस डॉलर 85 वर उतरला, बातम्यांत रुपया सावरला म्हणून कौतुक, आणि आमचा युरो तोवर 96 च्या पुढं गेलेला.

मग फेब्रुवारीतच का नाही घेतलं? आमचा क्लास छत्रपती संभाजीनगरात, पण निम्मी पोरं जालना-पैठणकडची. पालकांचं उत्तर ठरलेलं, "सर, तुरीचे पैसे येऊ द्या." ते येईपर्यंत जून उजाडला. सरावाची जॅकेटं देशी चालतात, पण वरच्या स्पर्धांना 1600 न्यूटनचा जोर सोसणारा, एफआयईचा (जागतिक फेन्सिंग महासंघाचा) शिक्का असलेला मास्क लागतो. तिथं काटकसर नाही.

आयातीसाठी लागणारा आयईसी क्रमांक ऑनलाइन पाचशे रुपयांत मिळाला, बँकेतून पैसे गेले, पार्सल मुंबईला आलं. आणि तिथंच बसलं.

कुरिअरवाल्यांचा मेल आला, "केवायसी अपूर्ण". का? आयईसीवर पत्ता औरंगाबाद, पार्सलवर छत्रपती संभाजीनगर. पिनकोड तोच, गल्ली तीच, गाळा नंबर तोच. फोनवरच्या मुलीला सांगितलं, "मॅडम, 2023 मध्ये शहराचं नाव बदललंय." ती म्हणाली, "सर, सिस्टीममध्ये मॅच होत नाही." राजपत्राची पीडीएफ पाठवली, तर साइज मोठी म्हणून परत. लहान करून पाठवली, तर अक्षर दिसत नाही म्हणून परत. लाइटबिल मागितलं, ते गाळामालकाच्या नावावर. भाडेकरार पाठवला, त्यावर पुन्हा औरंगाबाद! दरवेळी फोनवर नवा माणूस, त्याला सगळी कथा पहिल्यापासून. एकानं तर विचारलं, "सर, तुम्ही शिफ्ट झालात का?" म्हटलं, "मी जागचा हललो नाही बाबा, पाटी बदलली."

एवढा जीव खालीवर व्हायचं कारण असं, की कस्टमवाले ड्युटी लावताना युरोचा दर धरतात तो बिल ऑफ एन्ट्री (आयात मालाचा कस्टमकडे भरायचा कागद) दाखल होईल त्या दिवशी लागू असलेला. तुम्ही दुकानदाराला पैसे कधी आणि कोणत्या दरानं दिले, याच्याशी कस्टमला देणंघेणं नाही. त्यांचा दर तेव्हा महिन्यातून दोनदा, पहिल्या आणि तिसऱ्या गुरुवारी जाहीर व्हायचा. केवायसी नाही म्हणून बिल ऑफ एन्ट्री नाही, आणि मी इकडं गुरुवार मोजतोय. जुलै लागेपर्यंत युरोनं शंभरी ओलांडली.

शेवटी सुटलं कशानं? क्लासच्या लेटरहेडवर 'दोन्ही पत्ते एकाच जागेचे आहेत' अशा दोन ओळी, सही, शिक्का. हेच पहिल्या दिवशी मागायला काय झालं होतं, देव जाणे. तुम्ही मागवाल तेव्हा दुकानदाराला आयईसीवर जसा पत्ता आहे तसाच, अक्षर न् अक्षर, लिहायला सांगा.

आता हिशेब. मास्क आणि ब्लेड कस्टमच्या 9506 या शीर्षात येतात. मूळ ड्युटी 20 टक्के, त्या ड्युटीवर 10 टक्के अधिभार, आणि मालाच्या किमतीसकट या सगळ्यावर तेव्हा 12 टक्के आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी). एकूण 36.64 टक्के, तेही भाडं आणि विमा धरून. म्हणजे हजार युरोच्या मालावर युरो एका रुपयानं चढला की किंमत आणि ड्युटी मिळून 1,366 रुपये जास्त. नव्वदचा शंभर झाला की साडेतेरा हजारांच्या वर फटका. खेळ महासंघांना आणि नामवंत खेळाडूंना ड्युटीत सवलतीची सोय आहे, जिल्हा पातळीवरच्या पोराला नाही. ते खरं तर उलटं हवं.

चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. आमचा माल जुलैत सुटला आणि 22 सप्टेंबरपासून खेळसाहित्यावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. म्हणजे एकूण 28.1 टक्के. मात्र तोवर युरोही 103 च्या आसपास गेला होता, त्यामुळं फार हळहळत नाही.

गुगलवर दिसणारा दर बँक देत नाही, तिचा विक्रीचा दर वरच असतो. कार्डानं द्याल तर बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे परकीय चलनासाठीचा जादा आकार, आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी.

पालकांना आता मी किंमत युरोतच सांगतो, पैसे ज्या दिवशी येतील त्या दिवशीचा दर. बदनापूरकडचे एक बाबा म्हणाले, "मग सर, आमच्या तुरीचा भावबी युरोतच लावा की."

हां, एक राहिलं. पैसे आगाऊ पाठवले असतील तर माल सुटल्यावर बिल ऑफ एन्ट्रीची प्रत बँकेत द्या. नाहीतर त्यांच्या नोंदीत तुमचा व्यवहार उघडाच राहतो आणि पुढच्या वेळी पैसे पाठवायला गेलात की तिथं अडवतात.